वैशाखात चढलेलं पाणी

माझं माहेर पिंपरी पेंढारचं. तिथं न्हाणीचं पाणी परसातल्या केळींना जायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लग्न होऊन जुन्नरला आले, तर इथं सगळा कारभार जमिनीखाली. मोरीतून भाजल्या मातीचे खापरी नळ निघायचे आणि अंगणाखालून पार आळीबाहेरच्या शोषखड्ड्याला जायचे. वरच्या अंगाच्या घरांचं सांडपाणीही त्याच नळातून, आमच्याच अंगणाखालून वाहायचं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना त्या नळांचा केवढा तोरा! "तुझ्या म्हायेरी चिखुल तुडवत्यात. हितं बघ, थेंब तरी दिसतो का?" दिसत नाही तेच वाईट, असं मी मनात म्हणायचे. पण नव्या सुनेचं ऐकतंय कोण?

त्या साली होळी झाली आणि मोरी तुंबायला लागली. तांब्याभर पाणी ओतलं तरी गुडगुडत परत वर यायचं. अंगणात आड होता, पिण्याच्या पाण्याचा. त्याच्या कडेच्या फरश्या ओल्या राहायला लागल्या, आणि वास तर असा की घास गिळताना नाकाला पदर लावावा.

नेमका तेव्हाच आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, सहावा महिना लागला होता. दोनदा तिचं पोटातच गेलेलं. हे तिसरं टिकलं होतं आणि अख्खं घर जीव मुठीत धरून तिच्याकडं बघायचं. मीसुद्धा. सासरी आल्या दिवसापासून तिनं मला पाठच्या बहिणीसारखं वागवलं होतं. माझ्या तिखट तोंडावर पांघरूण घालणारी त्या घरात ती एकटीच.

गवंड्याला बोलावलं. आमच्या घराचं चुन्याचं काम त्याच्याच घराण्याकडं असायचं. मुसलमान माणूस, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. त्यानं मोरीतून बांबूची लांब कांब आत सारली. ती आडाजवळ अडली.

"काकी, नळ फुटलाय, आडाच्या पार बगलंला," तो आत्याबाईंना म्हणाला. "खणून नवं खापर बसवाय लागंल. सांध्यात चुना, कापूस नि जवसाचं त्याल भरलं की बघाय नगं."

एवढं म्हणून त्यानं कुदळ हातात घेतली, तेवढ्यात आक्का दारात आली. तिचं पोट बघून त्यानं कुदळ खाली ठेवली. "पर घरात पोटुशी बाई हाय. आमी अशा घरात जमीन न्हाई खणत."

"मला काय कळत न्हाई व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "ती मोकळी होऊ दे, मग खण."

दोघांचे देव वेगळे, पण इथं एकमत. पोटुशी असताना घरात कुदळ चालली की घाव गर्भाला बसतो, हे आमच्याकडं सगळेच मानायचे. मग चाचानं कांबेनं तुंबलेला गाळ पुढं ढकलला आणि फरश्यांच्या फटी वरून चुन्यानं लिंपून टाकल्या. वास गेला. मोरी चालू झाली. घर खूश. पण फुटका नळ फुटकाच होता की! मग एवढं पाणी चाललंय कुठं? मी विचारलं, तर म्हणे तुला नसत्या चौकश्या फार.

वैशाख आला. आळीतले आड तळाला गेले, कळशीला गाळ लागायला लागला. आणि आमच्या आडाचं पाणी चढलं! बाया बघायला यायच्या, तोंडावर हात ठेवायच्या. आत्याबाई म्हणाल्या, "पोटातल्या लेकराचा पायगुण." त्यांनी आडाची खणा-नारळानं ओटी भरली, आणि सगळ्या आळीला सांगितलं, न्या गं पाणी, देवानं दिलंय. सकाळ-संध्याकाळ कळशांची रांग लागायची. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिलेली माणसं ही. त्यांना भरला आड म्हणजे आशीर्वादच वाटला. मला मात्र त्या काठावर उभं राहिलं की अंगावर काटा यायचा.

"आत्याबाई, ह्ये मोरीचं पाणी हाय," मी एकदा सगळ्यांदेखत म्हणाले.

"तोंड आवर! दुसरीचं भरलं पोट बघवंना व्हय तुला?"

माझी कूस अजून रिकामी होती. ते शब्द मला असे लागले की बस्स. डोक्यात तिडीक गेली. धोतरांसाठी आणलेली नीळ मी सगळीच्या सगळी कालवली आणि मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी पोहऱ्यातून निळसर पाणी वर आलं. ते नेऊन आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं. आता काय बोलतील? तर त्यांनी हात जोडले! "किस्न येतोय गं माझ्या घरात!"

कपाळ माझं! कुणापुढं डोकं फोडायचं?

शेजारच्या घरात तोवर दोघांना जुलाब लागले होते. पटकीचं नाव कुणी मोठ्यानं घेत नव्हतं, पण बाया कुजबुजायला लागल्या होत्या. आक्का मात्र त्या पोहऱ्याकडं बघत राहिली.

"ह्येच पाणी मी पितीय?" तिनं मला विचारलं.

"व्हय, आक्का."

ती गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. आत्याबाई ओरडत आडव्या आल्या. आक्का आयुष्यात कधी वर मान करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "ज्याच्यासाठी खणायचं न्हाई म्हणता, त्याच्याच तोंडात ह्ये घालताय?" आणि तिनं पहार घातली. मी दुसऱ्या बाजूनं फरशी उचलली. खाली काळं पाणी साचलं होतं, आणि माती धुपून आडाच्या दगडापर्यंत बीळ पडलं होतं. तो वास मी जन्मात विसरणार नाही.

घाव बसला तो बसलाच म्हणून चाचा मुकाट्यानं आला. त्यानं नवं खापर बसवलं, सांधे भरले. आड उपसून चुना टाकला. पाणी उतरलं, इतर आडांसारखं तळाला गेलं. आळीतले जुलाबही थांबले.

पण आक्का होळीपासून तेच पाणी पीत होती. नळ दुरुस्त झाला त्याच आठवड्यात तिला ताप भरला, पोट सुटलं, आणि आठव्यातच ती बाळंत झाली. मुलगा होता. रडलाच नाही.

"पहार लागली," आत्याबाई म्हणाल्या. दाराशी चाचा उभा होता. "म्या तवाच म्हणलं व्हतं," तो म्हणाला आणि डोळे पुसले. ज्यांची पोरं त्या खणण्यानं वाचली, त्या बायासुद्धा तेच म्हणाल्या. मी घसा फोडून सांगत होते, अगं पाण्यानं गेलं ते, पाण्यानं! मला धरून माजघरात नेऊन बसवलं. तो संताप आजही माझ्या पोटात तसाच आहे.

आक्का जगली. पुन्हा तिची कूस उजवली नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या व्हायला आलो, तेव्हा एकदा तांदूळ निवडताना मी तिचा हात धरला. "आक्का, तू खणलंस म्हणून आळी वाचली गं."

"व्हय," ती म्हणाली. "आळी वाचली." मग खडा बाजूला काढत, शांतपणानं म्हणाली, "पर पहार मी त्याच्याच अंगात घातली."