घिवलीच्या आंब्याची वकिली

बोईसर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात शेवटचा माणूस म्हणून मला कोंबण्यात आलं आणि माझी सागरी सहल सुरू झाली. अर्धं अंग रिक्षात, अर्धं वाऱ्यावर. घिवलीला उतरलो, तर समुद्राआधी दिसला कुऱ्हाड घेतलेला एक माणूस.

अंगणातल्या आंब्यापाशी तो उभा होता. त्याची वहिनी, लक्ष्मीमावशी, शेजारीच मिरच्या आणि खडा मसाला उन्हात पसरत होती.

"झाड का पाडताय?" मी विचारलं.

"रोग लागलाय," दीर म्हणाला. "औंदा मोहोर नाय, आन् बुंधा बघा. उद्या नारळींना लागंल."

"याच सावलीत बसून मी मावरं (मासे) साफ करते," मावशी पुटपुटली. "पन माजं कोन ऐकतंय?"

बुंध्याच्या एका बाजूला वाळकी, तपकिरी लव होती; दुसरीकडे राखाडी, झालरीसारखे चट्टे. माझ्यातला नट जागा झाला. तांब्याभर पाणी मागवून मी लवेवर शिंपडलं. बघता बघता ती हिरवीगार झाली.

"करणी हाय का काय?" दीर दोन पावलं मागे.

"शेवाळ आहे. मेलं नव्हतं, झोपलं होतं. इवलीइवली पानं बघा."

"आन् हे चट्टे?"

त्यांना पानं नव्हतीच. भिजल्यावर ते जरा हिरवट झाले, इतकंच. मी मावशीच्या सुपातलं दगडफूल उचलून शेजारी धरलं. तीच झालर, तीच राख.

"हे त्याचं भावंड. बुरशी आणि सूक्ष्म हिरवे जीव यांचा संसार. ती घर सांभाळते, ते स्वयंपाक करतात. झाडावर राहतात, पण शेवाळासारखेच झाडाचं खात नाहीत."

"म्हंजे आमच्या भावजीपेक्षा बरे," मावशी म्हणाली. "हे ऱ्हातात बी आन् खातात बी."

तिने लगेच एक चट्टा खरवडून सुपाकडे नेला. मी किंचाळलो, "मावशी, भावंड म्हटलं! तेच नाही!"

दीर हसला, पण कुऱ्हाड सोडेना. "मग मोहोर का नाय?"

"आंबा एखादं वर्ष रुसतो."

"आन् झाड मेलं तर?"

"तर तोडायला हे दादा येतील," मावशीने परस्पर जाहीर केलं. मी ऐटीत मान डोलावली. कुऱ्हाड घरात गेली.

परतीच्या गाडीने उमरोळी सोडलं, तेव्हा माझी ऐट उतरली. ते सगळं ज्ञान शाळेतल्या एका धड्यापुरतं होतं. घरी मी नारळसुद्धा शेजाऱ्यांकडून फोडून घेतो. त्या आंब्याच्या दीर्घायुष्याची माझ्याइतकी काळजी आज त्याच्या मुळांनाही नसेल.