हाक मारून चालायची वाट

शिंपले वेचणाऱ्या बायकांत एकीचा आवाज असा, की समुद्रानंही क्षणभर ऐकून घ्यावं. लोक तिला भोंगाआत्या म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा ती नुसती पुटपुटायची. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं, "या वाटेनं जाताना खणखणीत हाक मारायची. पुटपुटलीस तर भलतंच काही दिसेल."

कारण समुद्राकडची पायवाट मास्तरांच्या परसातून जायची, आणि तिथल्या विहिरीवर घरातली माणसं उघड्यावर अंघोळ करायची. कुंपणाशी आलं की बायका ओरडायच्या, "येऊ का हो?" विहिरीवरचं माणूस घाईघाईनं पंचा ओढायचं. पुढं मास्तर गेले, घर ओस पडलं, विहीर आटली. हाक मात्र आटली नाही.

मग घर विकलं गेलं. नव्या मालकानं परसाला लोखंडी फाटक बसवून कुलूप ठोकलं. खडकांवरून वळसा घालून पोचेपर्यंत ओहोटी सरायची आणि टोपल्या रिकाम्या परतायच्या. बायकांनी अर्ज केला. आज चौकशीला अधिकारीबाई फाटकापाशी आल्या होत्या.

मालक गोड आवाजात म्हणाला, "आत्या, खरं सांगा. तुम्ही दर वेळी विचारूनच येत होतात ना?"

"मग? आम्हाला काही रीतभात आहे."

"ऐकलंत, मॅडम? परवानगी मागत होत्या. म्हणजे हक्क नव्हताच. देणारा देईल, न देणारा देणार नाही."

आत्याच्या सुनेनं कपाळावर हात मारला. "झालं. फाटक त्यांनी लावलं, कुलूप तुम्ही घातलंत, सासूबाई."

आपल्या तोंडानं आपण सगळ्याजणींचा समुद्र देऊन टाकला, असं आत्याला वाटलं.

अधिकारीबाईंनी विचारलं, "आणि कुणी नाही म्हटलं तर?"

आत्या गोंधळली. हा प्रश्न उभ्या जन्मात तिला पडला नव्हता. "नाही कसं म्हणतील? तोवर आम्ही परस ओलांडलेलं असायचं."

"उत्तरासाठी थांबत नव्हतात?"

"डोक्यावर टोपली, खाली पाणी मागं सरतंय. थांबतंय कोण? मास्तर ओरडायचे, 'अगं, पाठ तरी धुऊ दे.' आम्ही तोंड फिरवून चालत राहायचो."

"घर रिकामं होतं तेव्हा?"

"तेव्हाही हाक मारायचो. जिभेला सवय. पाय काय, चालतच असायचे."

अधिकारीबाईंनी फाटक उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "नेहमीसारखं चालून दाखवा."

आत्यानं टोपली डोक्यावर घेतली. अंगात वारं भरल्यासारखं झालं. "येऊ का हो?" अशी हाक उठली की झाडावरचे कावळे उडाले, आणि हाक विरायच्या आत आत्या अर्ध्या परसात. वाटेत अधिकारीबाईच उभ्या होत्या. त्या टुणकन बाजूला झाल्या म्हणून बरं, नाहीतर त्याच टोपलीत बसून समुद्रावर गेल्या असत्या.

साडी झटकत त्या मालकाला म्हणाल्या, "हे परवानगी मागणं नव्हे. हा इशारा आहे, आणि तो मलाही आत्ता उशिराच कळला. लेखी निकाल येईल. तोवर कुलूप लावायचं नाही."

मालक काही बोलणार, तोवर सगळ्या बायका टोपल्यांसह फाटकातून घुसल्या होत्या. खाली ओहोटी लागली होती, ओली वाळू लांबवर लखलखत होती, आणि आत्या या वयात धावत सुटली होती.

मागून सून ओरडली, "सासूबाई, जरा दम धरा."

"समुद्राला सांग," आत्या म्हणाली आणि पाण्यात उतरली.