एका कार्डावर एकच पाहुणा

"बाबूजी बाहर बैठ जाएँगे. आप आ जाइए. मेरे कार्ड पे एक गेस्ट अलाउड है."

हे वाक्य आमच्या साहेबांचं. जयपूर विमानतळावरच्या लाउंजच्या दारात, भर दुपारी, रांगेतल्या सात-आठ माणसांसमोर ते बोलले. आवाजात राग नव्हता, उपकार होता. बाबूजी म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. ते माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना ऐकू चांगलं येतं.

आणि मी आत गेले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणी उगाच माझी बाजू घेऊ नये.

आता दारापर्यंत आम्ही कसे पोचलो ते.

माझे वडील रेल्वेत होते. मूळ गाव बडनेऱ्याकडचं, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच राहिले. स्टेशनवरच्या वरच्या वर्गाच्या वेटिंग रूमवर ते अटेंडंट होते. दाराशी एक स्टूल, स्टुलावर एक रजिस्टर. आलेल्या प्रवाशाचं तिकीट बघायचं, नंबर रजिस्टरात लिहायचा, मग आत सोडायचं. तिकीट नसेल त्याला बाहेर काढायचं. खुर्च्या पुसायच्या, संडास धुऊन घ्यायचे, माठ भरायचा. तीस वर्षं हे केलं. त्या खोलीत सागवानी आरामखुर्च्या होत्या. लांब हातांच्या, वेताच्या बैठकीच्या. त्या ते रोज पुसत. बसले कधीच नाहीत.

मी एकदा बसले होते. आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेला सुट्टी होती, आईनं डबा देऊन पाठवलं होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, तापलेला फलाट, पायांत चप्पल नाही. आत पंखा. बाबा माठापाशी होते. मी डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. पाय जमिनीला पोचत नव्हते, एवढं आठवतं.

एका अधिकाऱ्याची बायको आत आली. माझ्याकडे बघितलं. मग बाबांना विचारलं, "ये किसकी बच्ची है?"

बाबा म्हणाले, "पता नहीं, मेमसाब."

आणि दंडाला धरून त्यांनी मला खुर्चीतून उठवलं, दाराबाहेर नेलं. खुर्ची फडक्यानं पुसली. मी दारातून बघत होते. डबा माझ्याच हातात राहिला होता. तो मी स्टुलावर ठेवला आणि घरी आले. घरी कुणाला सांगितलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. आमच्यात त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही. त्रेचाळीस वर्षं नाही.

मी शिकले. विमा कंपनीत लागले. जयपुरातच, झालाना भागात आमचं कार्यालय आहे. तिथे आता प्रशासकीय अधिकारी आहे. आम्ही बौद्ध. जयपुरात मराठी आडनावावरून कुणाला काही कळत नाही, ही एक सोय होती. पण कार्यालयात आरक्षणाचं रोस्टर असतं आणि रोस्टर सगळे वाचतात. लाउंजच्या त्या दिवशी माझी पदोन्नतीची मुलाखत महिन्यावर आली होती. "आपका तो हो ही जाएगा, मैडम," हे मी चहाच्या वेळी रोज ऐकते. माझा गोपनीय अहवाल साहेब लिहिणार होते. हेच साहेब.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयात क्रेडिट कार्ड विकणारा एक मुलगा आला. सगळे कॅशबॅकचं विचारत होते. मी विचारलं, लाउंजमध्ये दोन माणसं जातात का? तो म्हणाला, "मैम, ऐड-ऑन कार्ड ले लीजिए, दूसरा भी फ्री." मी लगेच सही केली. दुसरं कार्ड बाबांच्या नावावर घेतलं. त्यावर त्यांचं पूर्ण नाव इंग्रजीत, उठावदार अक्षरांत आलं. त्यांनी ते अक्षर न अक्षर अंगठ्यानं चाचपून बघितलं आणि रेल्वेच्या मेडिकल कार्डासोबत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं.

माझ्या मनात एकच होतं. बाबांना एकदा खुर्चीत बसवायचं. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या कार्डावर. दारातल्या माणसानं कार्ड घ्यावं, नंबर लिहावा आणि म्हणावं, या.

चूक माझ्या हातून झाली ती इथे. आमच्या घरात उधारीनं काही येत नाही. बाबांचा तो नियम आहे आणि माझ्याही अंगात तो मुरलाय. मी ते कार्ड एकदाही वापरलं नाही. चांगल्या साडीसारखं कपाटात जपून ठेवलं. त्या एका दिवसासाठी. बँकेचे मेसेज येत होते. बँकेचे मेसेज कोण वाचतं?

पुण्याला माझ्या भावानं घर घेतलं. बाबांचा पहिलाच विमानप्रवास. त्यांनी पांढरा शर्ट पँटमध्ये खोचला, खिशाला पेन लावलं. सिक्युरिटीतून बाहेर पडलो आणि मी त्यांना थेट लाउंजच्या दारात नेलं. काउंटरवर एक मुलगी होती. बाबा तिच्या टेबलाकडे बघत होते. मला हळूच म्हणाले, "रजिस्टर कुठं आहे इथलं?" आणि खिशातलं पेन काढून हातात धरलं.

मुलीनं माझं कार्ड मशीनला लावलं. मशीन वाजलं. पुन्हा लावलं. पुन्हा वाजलं. मग बाबांचं लावलं. तेही वाजलं.

ती वाईट नव्हती. आवाज खाली आणून म्हणाली, "मैम, पिछले क्वार्टर में इस कार्ड पे कोई स्पेंड नहीं है. आपने यूज़ ही नहीं किया."

म्हणजे नियम बदलला होता. जो तीन महिने उधारीवर खर्च करतो त्यालाच दार उघडतं. जो जपून ठेवतो त्याला नाही. मी म्हटलं, पैसे भरते, दोघांचे. ती म्हणाली, आत्ता गर्दी आहे, फक्त कार्डवाल्यांनाच सोडतोय. मागे रांग वाढत होती. कुणीतरी घड्याळ बघत सुस्कारा टाकला. बाबा मला समजावून सांगत होते, "तिले म्हण, तिकीट आहे आपलं. रजिस्टरात लिहून घे म्हणा." त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत तिकीट असलेल्या माणसाला त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं. तिकीट आहे आणि तरी दार बंद, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं.

तेवढ्यात मागून साहेब आले. त्याच विमानानं मीटिंगला निघाले होते. रांगेतून पुढे येत त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. बाबांनी हात जोडले आणि स्वतःहून ओळख दिली, "मैं रेलवे में था साहब. वेटिंग रूम पर." साहेब हसले. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं.

मी नको म्हणू शकले असते. तोंड उघडलंही. पण डोळ्यांसमोर अहवाल आला. कोरा, सहीची जागा रिकामी. आणि बाबांनीच मला कोपरानं ढकललं. "जाय. साहेब म्हणतेत तं जाय. मी आहो ना इथं बॅगांपाशी."

मी गेले.

आत गालिचा, पिवळे दिवे, मऊ खुर्च्या. साहेबांच्या ओळखीचं एक जोडपं बसलेलं होतं. साहेबांनी माझी ओळख करून दिली. "हमारे ऑफिस की मैडम हैं. वैसे तो कोटे से आती हैं, आज मेरे गेस्ट कोटे से आई हैं."

ते दोघे हसले. साहेब हसले.

मीही हसले.

हे लिहिलंच पाहिजे. मीही हसले. मग उठून प्लेट घेतली. इडली, कटलेट, कापलेली पपई. खाल्लं. चांगलं होतं. साहेब सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या कुणाच्या तरी फॅक्टरीच्या आगीच्या दाव्याबद्दल बोलत होते आणि मी मान डोलवत होते. वीस मिनिटं झाली असतील.

त्या बाईचं तोंड दाराकडे होतं. ती म्हणाली, "ये नया आदमी रखा है क्या? यूनिफ़ॉर्म भी नहीं दी."

मी वळून बघितलं. काचेपलीकडे बाबा उभे होते. बाकावर बसलेले नव्हते. बॅगा भिंतीला लावून दाराच्या एका बाजूला, पाठ ताठ, हात मागे. बरोबर तसेच, जसे ते त्या खोलीच्या दारात उभे राहायचे. एक प्रवासी आला. त्यानं बाबांसमोर बोर्डिंग पास आणि कार्ड धरलं. बाबांनी ते घेतलं. नीट वाचलं. परत दिलं आणि हातानं काउंटरची दिशा दाखवली. या, इकडे. तो माणूस त्यांच्याकडे न बघताच आत गेला.

ती बाई माझ्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत नव्हती, सहज बघत होती. ते माझे वडील आहेत, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. निघाले नाहीत. मी पपईचा पुढचा तुकडा उचलला.

साहेबांनीच सांगितलं. "अरे, इनके फ़ादर हैं. रेलवे में यही करते थे." मग हसून, "आदत है उन्हें."

तेव्हा मला ती खुर्ची आठवली. जमिनीला न पोचणारे पाय आठवले. "पता नहीं, मेमसाब." आयुष्यभर मी त्या वाक्याबद्दल बाबांना मनातल्या मनात बोल लावला होता. आणि आज मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. न विचारताच मी तेच केलं होतं. त्यांना निदान तोंडानं खोटं बोलावं लागलं. मी पपई खात गप्प बसले.

मी उठले. प्लेट अर्धी होती, तशीच ठेवली.

"बैठिए, बैठिए, बोर्डिंग में अभी टाइम है," साहेब म्हणाले.

चांगली उत्तरं मला तीन दिवसांनी सुचली, पुण्याला, भांडी लावताना. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "सर, मेरे पिताजी खड़े हैं." आणि चालू लागले. मागे कुणीतरी काहीतरी बोललं. ऐकलं नाही.

बाहेर आले तर बाबा माझ्यावरच चिडले. "काहून आली बाहेर? राग धरन ना तो. तुई परीक्षा आहे." मुलाखतीला ते परीक्षाच म्हणतात.

मी बॅगा उचलल्या, त्यांना बाकापर्यंत नेलं, बसवलं. लोखंडी जाळीचा बाक, वरून थंड हवेचा झोत. मी शेजारी बसले. मग जे त्रेचाळीस वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या दिवशी तुम्ही मला ओळखत नाही म्हणालात. का?

त्यांना आठवायला वेळ लागेल असं वाटलं होतं. लागला नाही. समोर बघतच म्हणाले, "नौकरी होती पोरी."

मी म्हटलं, "माझीही नोकरीच होती, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशाचं पेन काढलं, टोपण घट्ट आहे का बघितलं, परत लावलं. आमचं विमान लागल्याची घोषणा झाली. साहेब आमच्या समोरून गेले, पुढच्या रांगेत बसायला. बाबा सवयीनं उठू लागले. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. ते बसून राहिले. नाखुशीनं.

त्यानंतर काही चांगलं घडलेलं नाही. साहेब कार्यालयात माझ्याशी कामापुरतं बोलतात. अहवाल गेलाय, त्यात काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. चहाच्या वेळी गेस्ट कोट्याचा विनोद माझ्या आधी पोचला होता. एका सहकारी बाईंनी सल्ला दिला, विजेचं बिल कार्डावर भरत जा, खर्च दिसतो, दार उघडतं. सल्ला बरोबर आहे. भरणार आहे. मला लाउंज नको, असलं काही मी म्हणणार नाही. ते म्हणणं सोपं असतं आणि आमच्या वाट्याला ते फार आलंय. नको, आपलं नाही ते, चाल.

मला खुर्ची पाहिजे.

मुलाखत बुधवारी आहे. ते विचारतात नेहमी, नोकरीतला एखादा कठीण प्रसंग सांगा. मी हाच सांगणार आहे. साहेब त्या मंडळावर बसलेले असतील तरी हाच. कोट्याचा विनोद जसाच्या तसा, त्यांच्याच शब्दांत. त्यावर मी हसले होते, तेही. त्यानंतर जे व्हायचं ते होईल. बहुतेक काय होईल ते मला माहीत आहे.

पण यापुढे कुणाच्या कार्डावर पाहुणी म्हणून मी दाराच्या आत पाऊल टाकणार नाही. आणि पुन्हा कुणी दारात मोजून सांगितलं, तुमच्यातला एकच, तर मी बाजूला होऊन वाट देणार नाही. तिथेच, दाराच्या मधोमध, थांबेन. दोन खुर्च्या मागेन. एक दिली तर घेणार नाही.

दोन.