दर रविवारची उदबत्ती

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. म्हणाल्या, "हे फ्रेंच नाही. हा मासळीबाजार आहे."

वर्गात अकरा जण होते. सगळे हसले. मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून माझ्यावर अन्याय झाला असं वाटेल, आणि तो झालाच. पण त्या दिवशी मला हसणाऱ्यांत मीसुद्धा होतो. सगळ्यांत शेवटी थांबलो तोही मीच.

मी बावन्न वर्षांचा. मूळचा पूर्णगडचा. वडील होडीवर, आई टोपली घेऊन दारोदार. रत्नागिरीत एका मासळी निर्यातीच्या कारखान्यात मी बावीस वर्षं आहे. बंदरावरून आलेला माल उतरवून घ्यायचा. कल्ला उचलून बघायचा, डोळा बघायचा, चांगलं एकीकडे, वाईट एकीकडे. माझी बायको वनिता बाजारात मासे विकायला बसते.

आमचं माकूल, म्हणजे स्क्विड, फ्रान्सला जातं. वर्षातून एकदा तिकडचे पाहुणे माल बघायला येतात. आमच्याशी इंग्रजी बोलतात, आपसात फ्रेंच. मालक म्हणायचे, खरं काय ते आपसातच बोलतात. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "कोणीतरी फ्रेंच शिका रे. जो शिकेल तो पाहुण्यांबरोबर फिरेल."

मी ते मनावर घेतलं. माल मला जेवढा कळतो तेवढा त्या कारखान्यात कोणाला कळत नाही. ते एकदा माझ्या तोंडाने पाहुण्यांना सांगायचं होतं. हातात क्रेट न धरता. बाकी काही नको होतं.

बाई फ्रेंचच्या निवृत्त प्राध्यापिका. दर रविवारी चार वाजता घरीच वर्ग घ्यायच्या. माझी पाळी दोनला सुटायची. मी घरी यायचो, अंगाला लिंबू चोळून आंघोळ करायचो, पावडर लावायचो, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो. पहिल्या रविवारी मी दारात पाऊल ठेवलं आणि बाई उठल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर त्यांनी उदबत्ती लावली. मला भरून आलं. वाटलं, विद्येची सुरुवात, म्हणून लावली. मी चपला काढल्या, आधी उदबत्तीला हात जोडले, मग बाईंना नमस्कार केला.

पुढे प्रत्येक रविवारी तसंच. मी आलो की उदबत्ती. माझे हात जोडलेले. माझी खुर्ची दाराजवळ ठेवलेली असायची. वारा यायचा. मला तीही आवडायची.

आमच्या मालकांची सून त्याच वर्गात होती. पुण्याला शिकलेली, दोनदा पॅरिस बघून आलेली. बाईंच्या समोरची खुर्ची तिची. तिची वही, तिचे उच्चार, बाई तिचं बोलणं ऐकताना मान हलवायच्या ते, सगळ्याचा मला हेवा वाटायचा. मी घरी आरशासमोर तिच्यासारखे ओठ करून बघायचो. हे लिहायला लाज वाटते, पण करायचो.

त्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी सकाळचा माल कसा उतरवला ते सांगितलं. मग ते वाक्य आलं, मासळीबाजाराचं. हसणं ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "शिकता कुठून हे?"

"फ्रेंच सिरीयल बघून," मी म्हटलं.

"तरीच."

मालकांची सून म्हणाली, "मॅडम, सिरीयल तर मीही बघते."

"तुमचं वेगळं," बाई म्हणाल्या. "तुम्ही योग्य त्या बघता. तुमच्या कानाला वळण आहे."

तिची सिरीयल पॅरिसच्या वकिलांची होती. उंच छताची घरं, हळू बोलणारी माणसं. तिच्याकडे भिंतीएवढा टीव्ही. मध्ये येऊन कोणी तिला गॅस बारीक करायला सांगत नसणार. माझी सिरीयल एका छोट्या बंदराची. पहाटेचा लिलाव, रबरी बूट घातलेल्या बायका, बर्फ, भांडणं. मोबाइलवर, तांदळाच्या डब्याला टेकवून. ती बघते तो अभ्यास. मी बघतो ते खूळ. घरी परतताना सगळा रस्ता मी हेच घोळवत होतो. बाईंचा राग येत नव्हता. त्यांनी जे तिला म्हटलं ते मला म्हणायला हवं होतं, एवढंच वाटत होतं.

आणि मग मी जे केलं ते सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे.

वनिता दुपारी अडीचला बाजारातून यायची. विकून उरलेलं घरासाठी साफ करायला विळी घेऊन बसायची. मी सिरीयल लावायचो. खाली इंग्रजी अक्षरं यायची, मी ती वाचायचो. तिला ती वाचता यायची नाहीत, म्हणून ती ऐकायची. पडद्यावरच्या बायकांचे हात बघायची. कधी म्हणायची, "ही उंच बाय खोटं बोलते. मासा कालचा हाय तिचा." पुढच्या भागात तसंच निघायचं.

त्या सिरीयलमध्ये एक म्हातारी आहे. कोणी खराब माल पुढे केला की ती क्रेट खाली ठेवते आणि एकच वाक्य बोलते: "हे मी घेत नाही." ओरडत नाही. आवाज खालीच असतो, पण माणूस गप्प होतो. ते वाक्य वनिताने उचललं. घरात काहीही झालं की फ्रेंचमध्ये तेच. चहा गार झाला, हे मी घेत नाही. बाजारात कोणी भाव पाडून मागितला, हे मी घेत नाही. शेजारच्या विक्रेत्या बायका हसून लोळायच्या. आणि ते हुबेहूब त्या म्हातारीसारखं निघायचं. तोच ठेका, तोच दम. मी तेच वाक्य दहा वेळा घोटलं. माझ्या तोंडून ते पाठ केल्यासारखंच आलं. आठ महिने मी अक्षरं वाचत होतो. ऐकत ती होती.

मला तिचाही हेवा वाटायला लागला. मालकांच्या सुनेचा वाटायचा त्याहून जास्त. सूनबाईंकडे निदान कारणं होती. पुणं होतं, पॅरिस होतं. वनिताकडे काय होतं? विळी आणि पाट.

ज्या रविवारी बाई मला तसं बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी वनिताने भात वाढला. भात करपला होता. ती स्वतःच ताट सरकवून फ्रेंचमध्ये म्हणाली, हे मी घेत नाही, आणि हसली.

मी म्हटलं, "हे फ्रेंच नाही. हा मासळीबाजार आहे."

शब्द न् शब्द तोच. आवाजही बाईंचाच काढला होता मी.

ती थांबली. विचारलं, "कोनी म्हटलान असा तुमाला?"

मी जेवत राहिलो. तिने ताट उचललं. त्या दिवसापासून ती विळी घेऊन मागच्या पडवीत बसायला लागली. मी सिरीयल लावली तरी आत आली नाही. ते वाक्य घरात परत ऐकू आलं नाही. मी सांगू शकलो असतो, चुकलो म्हणून. सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. घरात आता फ्रेंच येणारा मी एकटाच होतो.

गेल्या बुधवारी पाहुणे आले. दोघे जण. मालकांनी मला सकाळी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट पिशवीतून नेला होता. ते म्हणाले, "तू माल उचलून दाखव. बोलायचं ते सूनबाई बोलतील. बाईंनाही बोलावलंय, अडलं तर."

शर्ट पिशवीतच राहिला. पांढरा कोट, डोक्याला जाळी, हातात क्रेट. पाहुणे पुढे, सूनबाई मध्ये, बाई तिच्या बाजूला, मी मागे. एका पाहुण्याने विचारलं, हे किती तास बर्फात आहे. मला प्रश्न कळला. उत्तरही माहीत होतं, पहाटे मीच तो माल उतरवला होता. सूनबाईंनी अंदाजाने काहीतरी सांगितलं. छान उच्चारात. पाहुण्याने लिहून घेतलं.

मग मी माकूल दाखवायला जवळ गेलो. पाहुणा किंचित मागे सरला. वासाने असेल, गारठ्याने असेल. सूनबाई हसली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "वासाबद्दल माफ करा. हा आमच्या फ्रेंचच्या वर्गालाही येतो. हा आला की मॅडमना उदबत्ती लावावी लागते. आणि हा तिला हात जोडतो."

पाहुणे हसले. बाई हसल्या. फ्रेंचमध्येच म्हणाल्या, "हळू बोला. तसं याला कळत नाही म्हणा."

मला कळलं. एकही शब्द सुटला नाही. खाली अक्षरं नव्हती, वाचायला काही नव्हतं. जिवंत माणसाच्या तोंडचं फ्रेंच मला पहिल्यांदा सलग, पूर्ण, स्वच्छ कळलं, आणि त्यात माझ्या वासाची माफी मागितलेली होती.

सगळे रविवार एकामागून एक डोळ्यांसमोर आले. लिंबू. पावडर. दाराजवळची खुर्ची. माझे जोडलेले हात.

मी क्रेट खाली ठेवला. फ्रेंचमध्ये म्हटलं, "हे मी घेत नाही."

तो आवाज माझा नव्हता. वनिताचा होता. खालचा, दमदार. जो मला दहा वेळा घोटून आला नव्हता.

कोणी हसलं नाही. मग मी पाहुण्याला फ्रेंचमध्येच सांगितलं, माल सहा तास बर्फात आहे, मी स्वतः उतरवला, तुम्हाला सांगितलं ते चूक आहे. वाक्य मोडकं होतं. त्याने वहीत खोडून परत लिहिलं. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मालक मराठीत म्हणाले, "क्रेट उचल." मी नाही उचलला. कोट काढून खुंटीला लावला आणि बाहेर आलो.

गुरुवारी मला बर्फाच्या खोलीत टाकलं. बावीस वर्षं माल पारखणारा माणूस आता लाद्या फोडतो. पाहुण्यांबरोबर फिरायचं काम सूनबाईंकडे कायम झालं.

गुरुवारीच दुपारी घरी जाऊन वनिताला सगळं सांगितलं. त्या रविवारपासूनचं. उदबत्तीचं. तिला जे बोललो ते मुळात कोणाचं वाक्य होतं, तेही. ती पडवीत कोळंबी सोलत होती. हात थांबले नाहीत.

"चुकलो मी," मी म्हटलं.

"ऐकला," ती म्हणाली. मग सोललेली कोळंबी टोपात टाकत, "तितं जा बोललात, ता कोनाचा होता?"

"तुझं."

"मंग सांगितलात तितं, माझा हाय म्हणून?"

"नाही."

"बाईने तुमाला हसलान, तर तुमी नोकरीवर पाय दिलात. मला तुमी बोललात, तर मी कुटं जायाचा? पडवीत." टोपातलं पाणी तिने अंगणात ओतलं. "आता ती सिरीयल नका लावू माझ्यासाटी. मी नाय येयाची आत."

ती आली नाही. अजून आलेली नाही.

आज शनिवार. उद्या चार वाजता मी बाईंच्या घरी जाणार आहे. आंघोळ करून, लिंबू न लावता. दाराजवळची खुर्ची उचलून मध्ये ठेवणार आहे. बाई उदबत्ती लावतील, ती मी विझवणार आहे. आणि बाईंनी विचारो न विचारो, उभा राहून फ्रेंचमध्ये सांगणार आहे: मला जे येतं ते मी माझ्या बायकोकडून शिकलो. तिचं नाव वनिता. ती मासळीबाजारात बसते.

मग ते हसतील. हसू देत. या वेळी त्यांच्यात मी नसेन.