कानामागची दालचिनी

आमचे अब्बा अत्तर दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला भाषण द्यायचे. अलिबागच्या बाजारातलं त्यांचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, त्यापुढे काउंटर आणि एक स्टूल. स्टुलावर कुणी टेकलं की अब्बा त्याचं मनगट धरायचे आणि आधी ऋतू समजावून सांगायचे. उन्हाळ्यात थंड अत्तर, म्हणजे खस, गुलाब. थंडीत गरम. आणि गरम अत्तरांत सगळ्यांत वरचढ, त्यांनी स्वतः मिसळलेलं, दालचिनीचं. त्याचा एक ठिपका मनगटावर लावून ते विचारायचे, "चावतंय?" गिऱ्हाईक हो म्हणालं की स्वारी खूश. "मग असली हाय. नकली मालाला दात नसतात."

दर शुक्रवारी नमाजाला निघताना ते तीच कुपी घरी उघडायचे. आम्हा बहिणींच्या ओढण्यांना एकेक बोट, आणि मग अम्मीच्या दोन्ही कानांमागे, सावकाश. अम्मी सुरमई कापत असली तरी माखलेले हात लांब धरून मान वळवायची. एरवी त्या दोघांचं पंख्याच्या वेगावरूनसुद्धा वाजायचं. आमच्यासमोर एकमेकांना लागलेला त्यांचा हात म्हणजे एवढाच. अब्बा गल्लीच्या टोकाला वळले की अम्मी कानामागे खोबरेल चोळायची. तिथे लाल झालेलं असायचं. "मला उष्ण पडतं," एवढंच म्हणायची.

पुढे मला मुंबईत एका सुगंध बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. साबणाला, अगरबत्तीला लागणारे वास आम्ही करतो. आठवडाभर तिकडे राहायचं आणि शनिवारी मांडव्याच्या बोटीने घरी यायचं. पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी कागदाच्या पट्ट्या हुंगायला दिल्या आणि जे आठवेल ते लिहा म्हणाले. एका पट्टीवर मी लिहिलं, "शुक्रवार." सर हसले. ही दालचिनी झाडाची नव्हेच, म्हणाले, कारखान्यात तयार केलेली. मग त्यांनी खऱ्या सालीचं तेल दिलं. त्याला लाकडाचा, लवंगेचा, थोडा धुळीचाही वास होता. मला तेच नकली वाटलं! आज अब्बा नाहीत, तरी लॅबमध्ये ती कारखान्याची बाटली कुणी उघडली की मी लहान होते आणि घरात शुक्रवार होतो. त्या दिवशी मात्र सर एवढ्यावर थांबले नाहीत. दोन्ही तेलं कातडीला चावतात, ते म्हणाले, आणि काहींच्या अंगावर तर फार वाईट उठतं.

म्हणजे चावण्यावरून खरं-खोटं काहीच कळत नव्हतं. आणि अम्मीला उष्ण वगैरे काही पडत नव्हतं.

त्या शनिवारी घरी आल्या आल्या मी तिचे कान पाहिले. कातडी काळवंडून जाड झाली होती, भेगा पडल्या होत्या. मी तिला सगळं सांगितलं.

"ह्यांना सांगू नको," ती म्हणाली.

"अगं, कातडी सोलवटलीय."

"माझीच हाय ना? ऱ्हाऊ दे."

पण मी नवी नवी शिकलेली. माझ्या तोंडात तीळ भिजेना. थेट दुकानात गेले आणि अब्बांना सगळं सांगून मोकळी झाले. माल नकली म्हटल्यावर ते चिडतील अशी मला भीती होती. पण कुपीला बूच लावून त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासनं?"

"मला कळतंय तेव्हापासून," मी म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी मी रजा काढून घरीच होते. अम्मीने नेहमीसारखी मान वळवली. अब्बांनी तिच्या ओढणीच्या काठाला बोट लावलं आणि चपला घालून निघून गेले. कानामागे साधं चंदन लावा, ते नाही चावायचं, असं मी त्यांना दोनतीनदा सुचवलं. "आता हात धजत न्हाय," ते म्हणाले.

काही महिन्यांत अम्मीचे कान बरे झाले. मला केवढा अभिमान वाटला! एका रविवारी तिची वेणी घालताना मी केस बाजूला करून म्हटलं, "बघ, कशी मऊ झाली कातडी."

"व्हय," अम्मी म्हणाली. "चाळीस वर्सं ह्यांचा हात मला लागायचा. आता ओढणीला लागतो."

मी काही चुकीचं केलं नव्हतं. तरी त्या दिवशी तिच्या वेणीचे पेड माझ्या हातून तीनदा सुटले.