उल्हासकाकांच्या बेसमेंटमधला कायदा

वल्लरी मूळची उमरखेडची. अमेरिकेतल्या नोव्हायला उल्हासकाकांच्या बेसमेंटमध्ये स्वस्तात राहायची आणि विद्यापीठात प्रबंध लिहायची: कोणता देश इंटरनेटला कशी वेसण घालतो. असल्या अभ्यासाची पोरगी घरातच सापडल्यावर मराठी मंडळानं वेबसाइट तिच्या गळ्यात मारली, यात नवल ते काय! मंडळाचे अध्यक्ष उल्हासकाकाच.

२००६च्या गणपतीत जाहिरातीत होतं, 'ताजे उकडीचे मोदक'. पानात पडले ते फ्रीझरमधले, आतल्या बर्फासकट. मंडळातल्या शुभामावशींनी वेबसाइटच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, 'अध्यक्षांनी बाप्पालाही थाप मारली.'

काका तरातरा जिना उतरले. "ते आधी काढून टाक."

"कोणत्या देशाच्या नियमानं, काका?"

"म्हणजे?"

"चीनमध्ये पान कुणाला दिसूच दिलं नसतं. जर्मनीत नाझींचा प्रचार गुन्हा आहे, मोदकांवरची टीका नाही. आपल्याकडे भारतात जुलैत सरकारनं मोजकी पानं बंद करायला सांगितली, तर कंपन्यांनी अख्खे ब्लॉगच झाकून टाकले."

"आणि इथे?"

खरं सांगितलं तर काकांचंच फावणार, हे वल्लरीला कळत होतं. पण खोटं बोलणं तिला जमेना. "इथे लोकांच्या लिहिण्याबद्दल सहसा साइटवाल्याला जबाबदार धरत नाहीत. आणि नको ते तो काढू शकतो."

काकांचा चेहरा ग्रीन कार्ड हातात पडल्यासारखा खुलला. "मग काढ की!"

"साइटवाले म्हणजे मंडळ. बोलवा सभा, घ्या मतदान."

सभेत मोदकांचाच विषय निघणार, हे काकांना पक्कं ठाऊक. "माझ्या घरात राहून मलाच शिकवतेस? तो मजकूर राहिला, तर तू राहणार नाहीस."

वरून काकूंचा आवाज आला, "अहो, पण फ्रोझनच होते ना?"

"तू मध्ये पडू नकोस!"

वल्लरीचं सेमिस्टर नुकतंच सुरू झालेलं, जवळ गाडी नाही, दुसरी खोली कुठे शोधायची? तरी तिनं लॅपटॉप काकांपुढे सरकवला. "घ्या, तुमच्या हातानं काढा. खाली 'अध्यक्षांनी काढलं' एवढं मी लिहीन. माझ्या हातानं मात्र व्हायचं नाही."

काकांचं बोट माउसपर्यंत गेलं आणि मागे आलं. "महिनाअखेरीला खोली रिकामी कर," म्हणत ते जिना चढून गेले.

वल्लरीनं लॅपटॉप ओढला आणि मावशींच्या मजकुराखाली लिहिलं: 'मी पंगतीत वाढायला होते. मोदक फ्रीझरमधलेच होते. वल्लरी, मुक्काम उल्हासकाकांचं बेसमेंट, महिनाअखेरपर्यंत.'