पालकांच्या विनंतीवरून

डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "खोकला कधीपासून?"

"असेल पंधरा-वीस दिवस," मी म्हणालो.

"गणपतीपासून," माझ्या मागून वसुधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. आदल्याच दिवशी आम्ही घरोघर तिळगूळ वाटून आलो होतो.

डॉक्टर सामंत माझ्या भाचीच्या वयाच्या. उजव्या फुप्फुसातल्या एका गोल डागावर त्यांनी पेनचं टोक टेकवलं. "ही कॅव्हिटी. फुप्फुसाला पडलेलं भोक. बोराएवढं असताना आला असतात तर घरी बसून गोळ्यांवर भागलं असतं. आता लिंबाएवढं झालंय. टीबी आहे. ॲडमिट व्हा."

शब्द त्यांनी हळूच उच्चारला, तरी बाकावरची माणसं दोन-दोन बोटं सरकून बसली असं मला वाटलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं सांगू? "शाळेत कळायलाच हवं का?" जगेन की नाही, हे मी त्यानंतर विचारलं.

ज्यांना आज-उद्या असा खोकला लागेल आणि जे माझ्यासारखेच तो लपवतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजाराची माहिती सांगेनच. पण त्या दिवसांत मला आणखी एका गोष्टीची लाज वाटली. टीबी गोळ्यांनी गेला, ती गेली नाही.

मी घाटकोपरच्या टेकडीखाली एका मराठी शाळेत कारकून. शाळेच्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत मला कुणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे शाळेत मी जरा जास्तच ताठ बसायचो. अक्षर चांगलं. शाळा सोडल्याचे दाखले मी शाईच्या पेनानं लिहायचो. खोकल्याची उबळ आली की उठून कपाट उघडायचं, आत तोंड घालायचं, फायलींवर खोकायचं आणि काहीतरी शोधल्यासारखं करून दार लावायचं. मास्तर लोकांना वाटायचं, भाऊसाहेब कामाला फार पक्के.

संक्रांतीला तीळ खाताना ठसका लागला आणि रुमालावर रक्त आलं. डॉक्टर याला हिमॉप्टिसिस म्हणतात, म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं. हे दिसलं की पंचांग बघू नका, दवाखाना बघा. रुमाल मी धुवायच्या कपड्यांत अगदी तळाशी दडवला होता. धुणं वसुधाच करते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिले तीन दिवस सकाळी उठल्या उठल्या डबीत थुंकी द्यायची. ही स्प्युटम टेस्ट. थुंकीत जंतू किती, ते त्यातून कळतं. माझ्या कागदावर अधिकची तीन चिन्हं होती. शाळेत कधी इतके गुण मिळाले नव्हते. मग इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, आणि तेही अशा जागी की कारकुनाचा मुख्य अवयवच निकामी झाला. सोबत रिफाम्पिसिन नावाच्या लाल कॅप्सूल. त्यांनी लघवी केशरी होते. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी संडासातून ओरडतच बाहेर आलो आणि सगळा वॉर्ड हसला. तुम्हाला मी सांगून ठेवतोय.

"औषध नऊ महिने," डॉक्टर म्हणाल्या. "दोन महिन्यांत बरं वाटेल. तेव्हाच लोक सोडतात आणि तेव्हाच मरतात. सोडायचं नाही."

"नऊ महिने!" वसुधा म्हणाली. "आता कळेल यांना."

पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डात फरशी पुसणारी बाई माझ्या खाटेपाशी थबकली. "भाऊसाहेब, तुम्ही व्हय? वळखलंच न्हाई बगा. निम्मं झालायसा."

ही कमळाबाई. टेकडीवरच्या वस्तीत राहायची, नवरा वारलेला, माहेर-सासर दोन्ही कर्नाटकाच्या सीमेलगत. तिची मुलगी सुमन आमच्या शाळेत सातवीत होती. नाताळच्या सुट्टीआधी दोघी दाखला न्यायला आल्या होत्या.

"ह्यांनी एका खेपेत कागद दिला माझ्या पोरीचा," ती वसुधाला कौतुकानं सांगायला लागली. "न्हाईतर हापिसात लोक चार-चार चकरा मारायला लावत्यात."

मी उशीवर जरा वर सरकलो. आजारी माणसालाही मान आवडतो.

वसुधानं सहज विचारलं, "मग आता कुठल्या शाळेत घातलीत?"

कमळाबाईनं फडकं बादलीत बुचकळलं, पिळलं, पुन्हा बुचकळलं. "शाळा न्हाई. तिच्या डोक्यात जट आली. देवीनं मागितलीया. दीर येनार हाय न्यायला. माघी पुनवंला डोंगरावर सोडायची."

देवीला सोडलेल्या मुलीचं लग्न होत नाही. डोंगरावरून ती गावी परत येते ती थोडेच दिवस. मग कुणीतरी मावशी म्हणवणारी बाई येते, अंगावर नवे कपडे घालते आणि तिला मुंबईलाच घेऊन येते. मुंबईतल्या ज्या गल्ल्यांचं नाव आपण घरात काढत नाही, तिथे. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. पेपरात वाचून मी स्टाफरूममध्ये त्यावर तावातावानं बोललोही होतो.

सुमन तेरा वर्षांची होती. तिची जन्मतारीख मीच लिहिली होती, अंकी आणि अक्षरी.

वसुधानं माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही विचारलं नाहीत, का सोडतेय म्हणून?"

दाखल्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात काय लिहायचं, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहायचं. बदली असो, लग्न असो, काही असो. माझ्या आधीचे कारकून तेच लिहायचे. मी फक्त ते जास्त सुंदर अक्षरात लिहायचो.

आणखी एक गोष्ट वसुधाला मी तेव्हा सांगितली नाही, इथे सांगतो. त्या दिवशी सुमन टेबलाजवळ आली तेव्हा मला तिचे केस दिसले होते. मानेवर दोरखंडासारखा एक गुंता, त्याला हळद-कुंकू लावलेलं. मी म्हणालो होतो, "ए, लांब उभी राहा. उवा पडतील कागदावर." ती दारापर्यंत मागे गेली. आणि मी कपाट उघडून खोकलो. ती लांब उभी राहिली म्हणून माझ्यापासून वाचली, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. त्यातलं पुण्य माझ्याकडे जमा होत नाही.

डॉक्टर सामंतांना वसुधानंच गाठलं. त्यांनी कमळाबाईला फटकारलं नाही. "माझ्या पेशंटच्या जवळ आलेली मुलं मला तपासायचीच आहेत," एवढंच म्हणाल्या. "याला कॉन्टॅक्ट तपासणी म्हणतात. उद्या पोरीला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सुमन आली. छाती साफ निघाली. मग डॉक्टरांनी तिचा जुना केसपेपर बघितला आणि गुंता बोटांनी चाचपला. "भाद्रपदात हिला टायफॉइड झाला होता ना? किती दिवस पडून होती?"

"म्हैनाभर."

"तेव्हा वेणी कोण घालत होतं?"

कमळाबाईची कामाची पाळी सकाळी सहाला लागायची. दुपारी दुसऱ्या वॉर्डात जादा काम.

"कुणी नाही ना? मग हे असंच होतं. याला प्लिका म्हणतात. घाम, धूळ आणि न विंचरलेले केस. देवी कुठून आली यात? कापून टाक. आणि मुलीला देवाला सोडणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही दिराला सांग."

कमळाबाईच्या डोळ्यांना धार लागली. "बाई, तुमचं खरं आसंल. पन कापनाऱ्यावर कोप व्हतो. माझ्या नंदंनं जट कापली, सा म्हैन्यात तिचा नवरा गेला. मला येवडी एकच हाय. माझ्या हातनं न्हाई व्हायचं. कोन कापंल?"

तेव्हा माझ्यातला भाऊसाहेब जागा झाला. "मी कापतो," मी खाटेवरून म्हणालो. "माझ्यावर जो कोप व्हायचा तो होऊन बसलाय. देवी एका माणसावर किती खर्च करेल?"

सुमन पहिल्यांदा हसली. वॉर्ड हसला. मला वाटलं, आपली चूक आपण फेडली, वर विनोदही झाला.

तीन आठवड्यांनी थुंकीत जंतू दिसेनासे झाले आणि मला घरी सोडलं. पौर्णिमेला आठ दिवस होते. दीर परवा येणार असा निरोप होता. रविवारी सकाळी वसुधा आणि मी टेकडी चढलो. म्हणजे वसुधा चढली, मी दर दहा पायऱ्यांना देखावा बघायला थांबलो.

कमळाबाईच्या दारात बायका जमल्या होत्या. मधे पाटावर सुमन, अंगाभोवती जुनं लुगडं. शेजारच्या हौसाआक्कांनी कात्री माझ्या हातात दिली. आक्का साठीच्या, वस्तीतल्या बौद्ध महिला मंडळाच्या पुढारी, आवाज असा की नळावर रांग आपोआप सरळ व्हायची.

मी गुंता हातात धरला. तो वाटला होता त्याहून जड होता आणि कोमट होता. आणि माझा हात थांबला.

मी विज्ञानाच्या बाजूचा माणूस. पण त्या क्षणी माझ्या मनात वसुधा आली, आमची कॉलेजातली मुलगी आली, आणि कमळाबाईच्या नणंदेचा नवराही आला. 'होऊन बसलाय तो कोप' या वाक्यातला विनोद कुठे गेला कोण जाणे. त्यातच मला उबळ आली. मी वाकून वाकून खोकलो. इथे कपाट नव्हतं.

बायका सरकल्या. कुणीतरी पुटपुटलं, "बघितलंस? हात लावला तवाच..." कमळाबाईनं सुमनचं डोकं दोन्ही हातांनी झाकलं. "ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दे. देवीला न्हाई पटत." सुमन माझ्याकडे बघत होती. कोणाला वाचवायला आलो आणि काय करून ठेवलं, हे मला तेवढ्यात कळून चुकलं. मी मान वर करू शकलो नाही.

"ए, खोकनाऱ्या मान्साला पानी द्या आदी," हौसाआक्का म्हणाल्या. "त्यो आजारी हाय म्हनून खोकतोय. देवी काय त्याच्या नरड्यात बसली काय?" त्यांनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली. "कमळे, ऐक. कोप व्हनार म्हन्तीस? बरं, व्हनार. मंग आपुन सगळ्या जनी एक-एक कातर मारू. कोप वाटून घिऊ. वाटून घेतल्यावर पडसं व्हईल प्रत्येकीला, त्याच्यावर काय न्हाई."

आणि त्यांनी पहिली कातर मारली. गुंता कापडासारखा करकरला. दुसरी शेजारणीनं मारली. मग एक घाबरत घाबरत पुढे आली, डोळे मिटून कातर मारली आणि हसली. वसुधाही उठली. पदर खोचला, कातर मारली, आणि जाता जाता मला म्हणाली, "पाणी प्या." शेवटचा धागाभर भाग उरला. आक्कांनी कात्री कमळाबाईच्या हातात दिली. मग तिनं मुलीच्या मानेवर ओठ टेकले आणि कापलं.

सुमननं मान दोन्हीकडे हलवून बघितली. "आई, वारा लागतोय गं," ती म्हणाली.

दीर आला तेव्हा मी नव्हतो, ते बरंच झालं. आक्कांनी त्याला दारातच विचारलं म्हणे, "जट कुठंय ते दाखव, मंग पोर ने." तो दोन दिवस बसला, ओरडला, शाप देऊन गेला. त्यानंतर कमळाबाई पाळीवर असली की सुमनची वेणी आणि सुमन, दोन्ही शेजारणी वाटून घेत. शाळेतून यायला अर्धा तास उशीर झाला तर कुणीतरी पायऱ्या उतरून बघायला येत असे.

एप्रिलमध्ये मी कामावर रुजू झालो. त्याआधी मुख्याध्यापकांना आजाराचं नाव सांगितलं, शाळेत तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही. हे नशीब, माझी हुशारी नाही. सुमनचं नाव पटावर परत घेतलं होतं. ती एकदा ऑफिसच्या दाराशी आली, केस मुलासारखे आखूड. "भाऊसाहेब, आत येऊ की इथूनच सांगू? तुम्हाला खोकला होता ना?" चेहरा अगदी सरळ. मी म्हणालो, "ये बाई आत." दुसरं काय म्हणणार?

औषध मी नऊ महिने घेतलं, एकही दिवस न चुकता. वसुधानं गोळ्या मोजल्या नाहीत, माझ्याकडे फक्त बघितलं, ते पुरेसं होतं. डॉक्टर सामंत, कमळाबाई, हौसाआक्का यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला खोकला असेल तर कपाटात खोकू नका. एवढा सल्ला द्यायचा अधिकार मला आहे.

नव्या शालेय वर्षापासून त्या रकान्याला मला वेळ लागतो. पालकाला बसवतो, विचारतो, आणि मुलीलाही वेगळं विचारतो. 'कुठे? कुणाकडे? कोण नेणार?' लोक कंटाळतात. मुख्याध्यापक म्हणतात, "भाऊसाहेब, आजारपणानंतर तुम्ही फार मंद झालात." झालो.

पण मे महिन्याच्या सुट्टीत मी एक काम केलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. दाखल्यांच्या जुन्या स्थळप्रती, म्हणजे ऑफिसात राहणाऱ्या नकला, काढल्या आणि टेकडीवरच्या मुलींच्या वेगळ्या ठेवल्या. सहावी, सातवी, मधेच सोडलेल्या. त्यातल्या काहींची लग्नं झाली असतील, काही दुसऱ्या शाळेत असतील. हौसाआक्कांना नावं वाचून दाखवली. बहुतेकींचा पत्ता त्यांनी सांगितला. तीन नावांना त्या फक्त, "म्होरं वाच," म्हणाल्या.

त्या तिघींच्या स्थळप्रती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कारणाच्या रकान्यात माझंच अक्षर आहे. फार सुंदर आहे.